बंद खाणीचं पाणी

सोन्याच्या खाणीत नोकरी लागल्याचं मी आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. ती तशाच कणकेच्या हातांनी शेजारी गेली, आणि मी 'अगं थांब, पुढचं ऐक' म्हणेपर्यंत बातमी बाभुळगावातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला पोचली होती. पुढचं वाक्य एवढंच होतं की खाण बंद आहे. ते ऐकायला कुणी थांबलंच नाही.

त्यांचाही दोष नव्हता. कपाशीची ती वाईट वर्षं होती. सकाळी बोंडअळी, दुपारी फवारणी, संध्याकाळी भाव, असंच सगळ्यांचं बोलणं चालायचं. फवारता फवारता चक्कर येऊन पडलेला कुणीतरी दवाखान्यात आहे, ही बातमी तर जेवणासारखी रोजची झाली होती. अशात कुणी सोन्याचं नाव काढलं की माणसं खुलून जात. कोपऱ्यावरचे दुकानदारकाका मला पाहिलं की साखर तोलता तोलता विचारत, "काय म्हन्ते मंग सोनं? चपलेले लागून आलं अशीन तं आमच्याच उंबऱ्यावर झटकत जा, पोरी." मीही कमी नव्हते. म्हणायचे, "काका, खाणीतून निघताना चप्पल धुऊन घेतात."

खाण म्हणजे तरी काय? केळापूरच्या पलीकडे, साग आणि मोहाच्या विरळ रानात, एक उघडी टेकडी. तिच्या पोटातून पांढऱ्या गारगोटीची एक रेघ गेली आहे. नागपूरच्या एका शेठला कुणीतरी सांगितलं की त्या रेघेत सोनं आहे. होतं, खोटं नाही. मी स्वतः भिंगातून पाहिलं आहे. पण ते इतकं थोडं की काढायला जाळलेल्या डिझेलचाही खर्च निघू नये. शेठने विहिरीहून मोठा आणि शेततळ्याहून लहान असा एक खोल खड्डा खणला, निघालेल्या मुरमाचा ढीग शेजारी लावला आणि काम थांबवलं.

काम थांबलं म्हणून खाण संपत नाही, ही गंमत लोकांना पटवता पटवता माझी दमछाक व्हायची. बंद खाणीलाही शिकलेलं माणूस नेमावं लागतं. हद्दीचे खांब रंगवलेले लागतात, खड्ड्याभोवती तारेचं कुंपण लागतं, कवटीचं चित्र काढलेली पाटी लागते, पावसात ढिगाची माती वाहून नाल्यात जाऊ नये म्हणून भोवती चर लागतो. आणि ठरल्या तारखेला सरकारला कळवावं लागतं की या महिन्यात सोनं किती निघालं. मी मोठ्या ऐटीत लिहायचे, शून्य. हे सगळं सांभाळून शेवटी मंजूर आराखड्याप्रमाणे खड्डा बुजवला, की तपासणीचे साहेब येऊन पाहतात आणि खाण कायमची बंद झाल्याचा दाखला देतात. तो दाखला मिळवणं हे माझं काम होतं.

अमरावतीला दगडांचंच शास्त्र शिकलेली मी, आणि पहिल्याच नोकरीत अख्खी टेकडी हातात! माझे पाय जमिनीवर नव्हते. हद्दीचे खांब मी स्वतः रंगवले, कारण चौकीदारकाकांनी रंगवलेल्या खांबांवर रंगाचे ओघळ आले होते आणि मला ओघळ पाहवत नाहीत. मी मूळची तापट. आमच्या घरात मला 'फोडणी' म्हणायचे, तेल तापायचाही अवकाश लागत नाही म्हणून. पण राग जसा चढतो तशी खुशीही मला चढते, आणि दोन्हींत मी सारखीच ओरडते, त्यामुळे काका सुरुवातीला फार गोंधळायचे.

काका जवळच्याच गावचे. फाटकाजवळ टिनाच्या खोलीत राहायचे, थोडी कपाशी होती ती मुलगा बघायचा. दिवसभर बिडी, च्या आणि कुंपण, एवढाच त्यांचा संसार. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तार रोज वाकून राह्यली. मी सरळ करतो, ते पुन्हा वाकते."

"वाकते म्हणजे? आपोआप?"

"आता मी काय सांगू?" म्हणून त्यांनी बिडी पेटवली, तेव्हाच मी ओळखलं की यांना सगळं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी उजाडतानाच ढिगाच्या आड बसले. तारेखालून बायका आल्या. एकीने दुसरीसाठी तार धरली, दोर सोडले गेले, खड्ड्याच्या तळातलं पाणी वर येऊ लागलं. खड्ड्याच्या कडा सरळ तुटलेल्या, पाणी खूप खाली, आणि या बाया अगदी काठावर उभ्या! माझं डोकंच फिरलं. पाय घसरून कुणी आत गेली असती तर? मी ओरडतच बाहेर आले.

"पाटी दिसत नाही का? इथे यायला बंदी आहे!"

बाकीच्या दचकल्या. त्यांतली सगळ्यात मोठी, आईहून थोडी वयस्क, कपाळावर गोंदण असलेली बाई मात्र दोर ओढतच राहिली. म्हणाली, "पाटी दिसते. तिच्यावर मुंडकं हाय. खाली पानी बी दिसते."

"पोडावर हातपंप आहे ना? मग इथलं कशाला?"

तिने कॅन वर काढून शांतपणे खाली ठेवला. "चाल माह्यासंगं. पाह्य."

टेकडीच्या उताराला तिचं पोड होतं, कोलामांची दहाबारा कुडाची घरं. मधोमध हातपंप, आणि त्याला वरपासून खालपर्यंत लाल रंग मारलेला. आमच्या भागात हा लाल रंग सगळ्यांना कळतो. या पाण्यात फ्लोराईड आहे, पिऊ नका, असा त्याचा अर्थ. पंपाजवळ खेळणाऱ्या पोरांनी माझ्याकडे पाहून दात काढले आणि ते दात पिवळे, पट्टे पडलेले होते. एक म्हातारा गुडघे वळत नाहीत म्हणून पाय लांब करून बसला होता.

"पंप रंगवाले मानूस आलता," गोंदणवाली मावशी म्हणाली. "हे पेवू नोका म्हने. मंग काय पेवाचं, ते काई तो सांगून गेला नाई."

मी तिथेच बाजू बदलली. टेकडी चढून वर येईपर्यंत मी मघाच्यापेक्षा जास्त संतापलेली होते, फक्त आता उलट्या दिशेने. खड्ड्यातलं पाणी गारगोटीच्या भेगेतून झिरपून येत होतं, भर उन्हाळ्यातही आटत नव्हतं, आणि आराखड्यात लिहिलं होतं की पावसाळ्याआधी ढिगाचा मुरूम लोटून हा खड्डा बुजवावा. म्हणजे ते पाणी मुरमाखाली गाडून दाखला घ्यायचा, आणि घेणार कोण तर मी!

शेठला फोन केला. ते हसून म्हणाले, "मॅडम, भावना बाजूला ठेवा. पोकलेन मी सांगून ठेवलाय. बुजवा, दाखला घ्या, मोकळ्या व्हा. तुम्हाला पुढे चालू खाणीवर घ्यायचंय."

मग तपासणीच्या साहेबांना फोन केला. त्यांना मी तोवर एकदाच भेटले होते. कोरडा माणूस. एखादी गोष्ट त्यांना फार आवडली तर 'नियमात बसतं' म्हणायचे, तेवढंच त्यांचं कौतुक. मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. 

"खड्डा बुजवलाच पाहिजे असं नाही," ते म्हणाले. "पाणी लोकांच्या कामाचं असेल तर तळं म्हणून ठेवता येतं. आराखडा बदलून घ्या. ग्रामसभेचा ठराव. खाली उतरायला सुरक्षित पायऱ्या, कडा तासून. कुंपणाच्या फाटकातूनच ये-जा. आणि पाण्याची पूर्ण तपासणी, पिण्याच्या पाण्याची करतात तशी. सोन्याच्या दगडात विषारी सोमल असू शकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"म्हणजे होईल?"

"नियमात बसतं."

मी फोन ठेवला आणि टिनाच्या खोलीत अशी काही किंचाळले की काका चहाचं भांडं टाकून धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत धावपळीचे आणि सर्वांत मजेचे. ग्रामसभेला मी बोलायला उभी राहिले, आणि कपाशीच्या बोलण्याने थकलेली माणसं एकदम उत्साहाने भांडायला लागली. तळं कुणाच्या नावावर, बैल धुवायचे की नाही, मासे सोडायचे का. ठराव झाला. पाण्याचा नमुना घ्यायचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटल्या, हातमोजे, बर्फाचा डबा, सगळा थाट मी मांडला. काकांनी दोराने पाणी वर काढलं, मी श्वास रोखून ते बाटल्यांत भरलं, बुचं लावली, चिठ्ठ्या डकवल्या आणि डबा मांडीवर घेऊन एसटीने यवतमाळला, तिथून ऑटोने लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या बाई म्हणाल्या, वेळ लागेल. मी म्हटलं लागू द्या.

तोवर पायऱ्या. शेठने एक पैसा द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण पोडाने विचारलंही नाही. सब्बल, कुदळ, टोपली. वरचा दगड कुजका होता, भराभर सुटत होता. मी खडूने आखून द्यायचे, बाप्ये फोडायचे, बाया मुरूम वाहायच्या. कडा तासून तिरक्या केल्या. पायरी एकेक करून पाण्याकडे सरकत होती, आणि रोज संध्याकाळी आम्ही काठावर बसून ती किती सरकली ते बघायचो. मावशीने मला नाव ठेवलं होतं, सोन्यावाली बाई. तिने एकदा विचारलं, "बाई, सोनं नाई म्हंतेस तं मंग सरकार तुले कायचा पगार देते?"

"सरकार नाही, शेठ देतो."

"सोनं नसल्याचा?"

"हो. नाहीये असं मी दर महिन्याला लिहून देते ना."

यावर ती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. मग कोलामीत तिने ते बाकीच्यांना सांगितलं आणि अख्खा खड्डा हसला.

शेवटची पायरी पाण्याला भिडायला आली त्याच दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मी पाकीट फोडून उभ्याउभ्याच वाचला. सोमल नाही. पारा नाही. फ्लोराईड अगदी हद्दीत. मी नाचायचीच बाकी होते. आणि मग खालची ओळ. कीटकनाशकाचा अंश, मर्यादेच्या कितीतरी वर. शेरा, पिण्यास अयोग्य.

मी ती ओळ पुन्हा वाचली. कपाशीवरचं औषध, माझ्या खड्ड्यात? साहेबांना कळवणं भाग होतं. ते म्हणाले, "मग प्रश्न संपला. बुजवा. सोमवारी मी येतो, तेव्हा पोकलेन तिथे असू द्या." मी फाटकाला कुलूप लावलं. मावशी कुलपाकडे पाहत होती. मी तिला अहवालातलं सांगितलं, म्हटलं, हे पाणी कुणी पिऊ नका, पाया पडते. ती रिकामा कॅन उचलून उतरणीला लागली. त्या संध्याकाळी मी वरून पाहिलं तर लाल पंपावर पुन्हा रांग लागली होती. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीला वेढा घातला. कुणाच्या शेतातून हे विष आलं ते शोधून काढायचंच, असा निश्चय. वरून खाली, खालून वर, चर तपासला, नाला तपासला. ज्याचं शेत सापडेल त्याला काय काय बोलायचं तेही मनात तयार होतं. पण शेत सापडेना. कपाशी सगळी टेकडीच्या खाली. वर नुसतं रान. पाणी खालून वर चढत नाही, हे समजायला दगडांचं शास्त्र लागत नाही. मी घामाघूम होऊन फाटकाशी परत आले आणि तिथेच बसले.

"मॅडम, ऊन लागलं तुमाले," काका म्हणाले. "बसा, मी च्या ठेवतो."

त्यांनी कुलूप काढलं, सवयीने दोर उचलला आणि पोहरा खाली सोडला. पोहरा म्हणजे निळ्या प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन, वरून गरम सुरीने कापलेला, कडेला भोकं पाडून दोर बांधलेला. तो पाण्यातून निथळत वर आला आणि उन्हात चमकला. त्याच्या एका बाजूला खरवडून उरलेला कागद होता. कागदावर चौकट. अर्धी लाल, आणि वर कवटी. माझ्या पाटीवर होती तशीच, फक्त लहान.

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "त्या दिवशी नमुन्याचं पाणी यानेच काढलं होतं?"

"हाव. हाच तं हाय पयल्यापासून."

"हा कशाचा कॅन आहे?"

"फवारनीचा. कपाशीवरचा." त्यांना प्रश्नच कळेना. "राखेनं घासून घासून धुतला व्हता ना मॅडम. फुटत नाई, गळत नाई. सारेच वापरतेत."

खरंच सारेच वापरत. मी तेच तर विसरले होते. आमच्या जिल्ह्यात कपाशीच्या गावी कुठेही जा, शेतावर निघालेल्या माणसाच्या हातात असा कॅन. फवारणीला मजूर लावला की रिकामा कॅन तोच नेणार, त्यावरून भांडणं होतात. मूठ धरायला छान, झाकण घट्ट. मातीची घागर आपटली की गेली, हा वर्षानुवर्षं टिकतो. मीही लहानपणापासून हेच पाहत आले होते, म्हणून तर हातमोजे घालून, बर्फ बरोबर घेऊन, मी त्या कॅनमधलं पाणी निर्जंतुक बाटलीत इतक्या काळजीने ओतलं होतं! वर हिवाळ्यापासून त्याच पाण्याचा चहा पीत होते ते वेगळंच.

पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटला तो आनंद. निव्वळ, उड्या मारायला लावणारा आनंद. पाणी चांगलं होतं! वाईट होता तो कॅन! मी काकांचे खांदे धरून गदागदा हलवले आणि ते बिचारे 'मॅडम, मॅडम' करत राहिले.

साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नवा नमुना घ्या," ते म्हणाले, "बाटली थेट पाण्यात बुडवून. पण माझी सोमवारची भेट ठरली आहे आणि पोकलेनही येईल. अहवाल हातात असला तर बोलू."

शेवटची पायरी मी आणि काकांनी मिळून फोडली. मग मी पहिल्यांदा पाण्यापर्यंत उतरले, कोपरापर्यंत हात घालून बाटली बुडवली आणि भरली. पुन्हा बर्फ, पुन्हा एसटी, पुन्हा लोहारा. रसायनवाल्या बाईंच्या दारात मी असं ठाण मांडलं की त्यांनी शेवटी बाकीची कामं मागे ठेवून माझं हाती घेतलं, बहुधा माझी बडबड थांबावी म्हणून. रोज सकाळी मी हजर. शनिवारी त्यांनी बाहेर येऊन कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा आता. स्वच्छ आहे." मी त्यांना मिठी मारली. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

परतीच्या एसटीत मला बसवेना. शेजारच्या आजींना सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, पांढरकवड्याच्या स्टँडवर केळीवाल्याला सांगितलं. तिथून स्कूटी काढली आणि थेट पोडावर. दुरूनच ओरडत आले. बाया, पोरं, सगळे पंपापाशी जमा झाले.

"पाणी चांगलं आहे!" मी म्हटलं. "काहीच नाही त्यात! चूक त्या कॅनची होती. फवारणीचा कॅन होता ना, त्याचं विष पाण्यात उतरलं. पाण्यात काही नव्हतं, कॅनमध्ये होतं!"

मला वाटलं होतं आता हसणं होईल, ओरडा होईल.  मावशी वळली आणि घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॅन होता. पांढरा, हिरव्या झाकणाचा, भरलेला. तिने तो माझ्यासमोर ठेवला.

"मंग हे?" ती म्हणाली. "हे नातू पेते."

मी त्या कॅनकडे पाहिलं. मग पंपाखाली लागलेल्या रांगेकडे पाहिलं. माणसं नव्हती रांगेत, कॅन होते. निळे, पांढरे, पिवळे. इतके दिवस मी एका खड्ड्याच्या पाण्यासाठी जिवाचं रान करत होते, आणि प्रत्येक घरात तेच विष झाकण लावून ठेवलेलं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आनंदात मी ते असं ओरडून सांगितलं होतं.  कसंबसं म्हटलं, "मावशी, नको. ओतून द्या."

तिने कॅन उचलला आणि तिथेच उपडा केला. मग तिने मोठ्याने काहीतरी हाकारलं, मला त्यातला 'ईर' एवढाच शब्द कळला, पाणी. एकेका घरातून कॅन यायला लागले. वळचणीचे, खाटेखालचे, बैलगाडीला टांगलेले, मोठे, लहान. सगळे रिकामे करून त्यांनी ते पोडाच्या बाहेर, आमच्या फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर टाकले. केवढा तो ढीग झाला!

सोमवारी साहेबांची जीप त्या ढिगापाशी थांबली. मागून पोकलेन घेऊन ट्रेलर आला. साहेब उतरले, ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

मी सांगितलं. या वेळी मला ओरडता आलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. ढीग हद्दीच्या खांबाच्या बाहेर आहे की आत ते पाहिलं. बाहेर होता.

"माझ्या हद्दीत नाही," ते म्हणाले, आणि मी फोडणीसारखी तडतडणार तेवढ्यात त्यांनी खिशातून फोन काढून ढिगाचे फोटो घेतले, सगळ्या बाजूंनी. "पण ज्याच्या हद्दीत आहे त्याच्याकडे मी जाणार आहे. चला, खड्डा दाखवा."

त्यांनी पायऱ्या मोजपट्टीने मोजल्या. कडांचा उतार पाहिला. कुंपण हलवून पाहिलं. नवा अहवाल दोनदा वाचला. पोकलेनचा ड्रायव्हर फाटकापाशी तंबाखू मळत उभा होता, पोड सगळं कुंपणाला लागून उभं होतं. शेवटी त्यांनी फाईल गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. मी खांद्यावरून वाचत होते, ते त्यांना चाललं. खड्डा तळं म्हणून राखण्यास हरकत नाही. सही करायच्या आधी त्यांनी एक अट लिहिली आणि ती मोठ्याने वाचून दाखवली. पाणी केवळ स्वच्छ भांड्यानेच काढावे.

मी उडीच मारली. पोडावरच्या पोरांनी माझं पाहून उड्या मारल्या. ड्रायव्हरने तंबाखू थुंकून ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली. मी फाटक सताड उघडलं आणि म्हटलं, "या! आता तारेखालून नाही, फाटकातून या!"

कुणी हललं नाही. मावशी दोन्ही हात पुढे धरून उभी होती, रिकामे.

"भांडं कोनतं आनू, बाई?" ती म्हणाली. "सैपाकाचे दोन गंज-पातेले हायेत, ते चुलीवर हायेत. पान्याले तं ते कॅनच व्हते."

मी साहेबांकडे वळले. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. "साहेब, ओंजळ नियमात बसते का?"

त्यांनी खरंच विचार केला. फाईल उघडून अट पुन्हा वाचली. "ओंजळ म्हणजे भांडं नव्हे," ते म्हणाले. "पण अट पाणी काढण्याची आहे. इथेच पिण्याला मनाई कुठे लिहिलेली नाही."

मावशी फाटकातून आत आली. एकेक पायरी जपून उतरली, त्या तिच्याच टोपलीने मोकळ्या झालेल्या पायऱ्या होत्या. मागून तिचा नातू, मग बाकीच्या, मग तो गुडघे न वळणारा म्हातारा, दोघांनी उचलून आणलेला. ती पाण्याशी बसली, हात चोळून चोळून धुतले, ओंजळ भरली आणि प्याली. आणि तशीच थांबली, भिजलेले हात तोंडापाशी धरून. मला वाटलं काहीतरी चुकलं. मी धडपडत पायऱ्या उतरले.

"काय झालं, मावशी?"

"याले वासच नाई, बाई," ती म्हणाली. "लहानी व्हती तवा नाल्याचं पानी असं लागे. मले वाटलं, आता पानीच वासाचं निंगते."

मग तिने नातवाला जवळ ओढलं आणि त्याच्यासाठी ओंजळ भरली.